फ्लायव्हीलवरच्या रेघा

बाईमाणूस असून तुम्हाला गाड्यांचं एवढं कसं कळतं, असं लोक विचारतात तेव्हा मी "वडिलांमुळं" असं सांगून मोकळी होते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं श्रेय माझ्या भाभीचं आहे. तिनं मला शिकवलं असं समजू नका. मी तिच्यावर जळत होते, इतकी की अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्या जळण्यातूनच मी पुन्हा आवारात आले.

जुन्नरात पेठेच्या टोकाला आमचं घर होतं. पुढं दोन खोल्या, मग स्वयंपाकाची अंधारी खोली, तिच्या दाराला गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यापलीकडं आवार. आवारात चिंच होती आणि चिंचेखाली ट्रक. अब्बा मूळचे लोहारकामाचे. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. लढाई संपल्यावर खडकीला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तिथून त्यांनी हा ट्रक आणला. खाकीवर निळा रंग चढवला, पण दर पावसाळ्यानंतर दारावरचा लष्करी पांढरा तारा निळ्यातून पुन्हा वर यायचा. अम्मा ट्रकला हत्ती म्हणायची आणि कामाला निघताना त्याच्या तोंडावर पाणी शिंपडायची. सकाळच्या अजाननंतर आमच्या घरात दोन आवाज ठरलेले. आत पाट्यावर खोबऱ्याचं वाटण रगडलं जात असे, आणि बाहेर हँडल मारून हत्तीला उठवलं जात असे. तो खोकायचा, दोनदा शिंकायचा आणि मग सगळं घर थरथरत ठेवून गुरगुरायला लागायचा. मांडणीवरची भांडी किणकिणायची. आंबेगावच्या डोंगरातून भात आणि हिरडा घेऊन तो संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला नव्या तांदळाचा, धुळीचा आणि गरम ऑइलचा असा काही वास यायचा की मला भूक लागायची. आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना मला आधी भूक लागते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसतात.

लहान असताना मी अब्बांच्या मागं मागं असायची. कुठल्या नटाला कुठला पाना लागतो हे मला अक्षरं यायच्या आधी यायला लागलं. उस्मानभाईजान माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. पण तो घाईचा, आणि अब्बा हाक मारायचे ती मला. "जैबू, बारीक पाना." "जैबू, चिंधी." मी तेरा वर्षांची झाले आणि अम्मानं एक दिवस पडदा ओढून घेतला. "आता पुरं. पेठेतली मानसं येतात-जातात आवारात. मोठी झालीस." त्या दिवशी अब्बांनी बारीक पाना भाईजानकडं मागितला, भाईजाननं दिला तो मोठा, आणि त्यांनी तोच वापरला. मी पडद्याआड बसून ते ऐकलं. पुढची तीन वर्षं मी ऐकतच राहिले. आमच्या घरच्यांच्या खरं तर दोन बोल्या होत्या, आपसात एक आणि पेठेत दुसरी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण आता मला स्वप्नंसुद्धा मराठीतच पडतात.

मग रशीदा भाभी आली. खडकीची. तिचे वडील लष्करी वर्कशॉपात फिटर होते आणि हे ती आल्या दिवसापासून कुणाला विसरू देत नव्हती. आमच्या खडकीत असं, आमच्या खडकीत तसं. माझ्याहून दीड-दोन वर्षांनीच मोठी, रंगानं उजळ, केसांना कसलंसं वासाचं तेल लावायची, आणि हसली की अम्मासुद्धा हातातलं काम थांबवून तिच्याकडं बघायची. तिला मासवडी येत नव्हती तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमच्या अम्माची मासवडी पेठेत नावाजलेली. पिठलं कपड्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं आणि फाटू न देता वळायचं, हे मला दोन वर्षांत जमलं नव्हतं. भाभीनं एकदा पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला वळून दाखवलं. अब्बा जेवताना म्हणाले, "दुल्हन, हात चांगला हाय तुझा." मी वाढत होते. पळीभर रस्सा जास्तच भाईजानच्या ताटात पडला.

एका संध्याकाळी ट्रक डिंभ्याकडून भात भरून आला. आम्ही दोघी चुलीपाशी होतो, मी भाकरी थापत होते, ती विस्तव सारत होती. आमच्या गल्लीला शेवटी थोडा चढ आहे. तिथं इंजिनाचा आवाज एकदम चढला, पण ट्रक काही त्या मानानं पुढं सरकला नाही. मागोमाग जळल्यासारखा उग्र वास आला. मी भाकरी परातीतच ठेवली. मला कळलं होतं. तोंड उघडणार तोच भाभी पडद्याशी जाऊन म्हणाली, "अब्बा, इंजिन पळतंय, गाडी नाही पळत. क्लच सरकतोय ना?"

बाहेरून अब्बांचा आवाज आला, लई दिवसांत ऐकला नव्हता असा, खुशीतला. "उस्मान, ऐकलं का? दुल्हननं आतनं वळखलं!"

मलाही ओळखता आलं होतं. हे वाक्य मी किती तरी वर्षं मनात बोलले आहे. तेव्हा मोठ्यानं बोलले नाही, कारण बोलले असते तर नक्कल केल्यासारखं वाटलं असतं. तव्यावरची भाकरी जळली आणि अम्मा माझ्यावरच ओरडली.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी गिअरबॉक्स उतरवायला घेतला आणि भाभीला आवारात बोलावलं. भर सकाळी, पडदा बाजूला करून. मी अम्माकडं पाहिलं. "तिला चालतं व्हय?" अम्मा लसूण सोलत म्हणाली, "तिचं लगीन झालंय. घरची सून हाय, सासऱ्याबरोबर हाय." मला त्या उत्तराचा इतका राग आला की मी पाणी आणायच्या निमित्तानं दोनदा विहिरीवर जाऊन आले, आणि दोन्ही वेळा रिकाम्या कळशीनं परतले. आवारातून आवाज येत होते. अब्बा काहीतरी विचारायचे, ती उत्तर द्यायची, मधेच दोघं हसायचे. जुन्या हाका तशाच होत्या, "बारीक पाना, चिंधी", फक्त पुढचं नाव बदललं होतं.

त्यात घाई होती. डिंभ्याच्या वरच्या वाडीतला कोंडाजी म्हणून अब्बांचं जुनं गिऱ्हाईक होतं. दरसाल त्याचं भात आमच्याच ट्रकमधून उतरायचं. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, नवरा जुन्नरच्या पलीकडच्या गावचा, आणि नवरीकडचं सगळं वऱ्हाड आमच्या ट्रकमधून जायचं होतं. त्या दिवशी तो स्वतः आला, आवारात ट्रकचं पोट उघडं पडलेलं पाहिलं आणि उकिडवा बसूनच राहिला. "मिस्त्रीभाऊ, आता कसं व्हायचं? म्हातारीकोतारी हायेत, ल्हान पोरं हायेत. पायी न्यायची म्हंजे..."

"तारखेला ट्रक तुझ्या दारात उभा असंल," भाईजान म्हणाला. अब्बा बोलायच्या आधीच त्यानं शब्द देऊन टाकला होता. कोंडाजीनं अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी मान हलवली, पण सावकाश.

क्लचप्लेट बाहेर निघाली ती पार झिजलेली होती. घर्षणाचा थर संपून आतले पितळी रिवेट वर आले होते, आणि त्यांनी फ्लायव्हीलच्या तोंडावर गोल चरे पाडले होते. फ्लायव्हील म्हणजे इंजिनामागचं ते जड लोखंडी चाक, प्लेट त्याच्यावर दाबून बसते तेव्हा कुठं इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते. भाईजान आणि अब्बांनी ते उतरवून चिंचेखाली गोणपाटावर ठेवलं. भाईजाननं मागंच पुण्याहून नवी प्लेट आणून ठेवली होती. त्याचं म्हणणं, नवी प्लेट घालायची आणि निघायचं. भाभी मात्र एक सरळ पोलादी पट्टी फ्लायव्हीलवर उभी धरून, डोळा बारीक करून पाहत होती.

"मध्ये खोलगट झालंय. पट्टीखालून उजेड दिसतो. यावर नवी प्लेटपण जळेल. लेथवर घासून सपाट करून आणायला पाहिजे. आमच्या खडकीत तर..."

"तुझी खडकी ऱ्हाऊ दे," भाईजान तडकला. "कसला उजेड? मला न्हाई दिसत."

नव्या नवऱ्याला बायकोनं बापासमोर खोटं पाडलं होतं. त्याचे कान लाल झाले होते आणि मला ते पडद्याच्या भोकातून दिसत होते. खरं सांगायचं तर त्या घटकेला आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच दुखण्यानं आजारी होतो. अब्बा पट्टीवर वाकले. त्यांची लांबची नजर घारीसारखी होती, पण जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा ते लावत नव्हते. ते सरळ झाले, दोघांकडं पाहिलं आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "जैबू, भाईर ये."

अम्माचा लसूण थांबला. मी तिच्याकडं न बघता बाहेर आले. तीन वर्षांत आवार लहान झालं होतं, का मी मोठी झाले होते कोण जाणे. मी गुडघ्यावर बसले, पट्टी धरली. भाभी शेजारी वाकली होती, तिच्या तेलाचा वास येत होता. उजेड दिसू नये, असं मला मनापासून वाटत होतं. पण दिसला. मधोमध, दोऱ्यासारखा.

"हाय उजेड," मी म्हणाले. भाभीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो खांदा काढून घेतला.

"केसाएवढा असंल," भाईजान म्हणाला. "तेवढ्यासाठी वऱ्हाड अडवायचं?" अब्बा दाढी खाजवत राहिले. त्यांचं मन भाईजानकडं झुकत होतं हे मला कळत होतं. शब्द गेलेला होता.

मला मात्र वेगळंच सुचत होतं. तो खोलगटपणा खरा नसेलच, कडेला जळका थर साचून कडा उंच झाल्या असतील. तो खरवडून काढला की पट्टी बसेल आणि खडकीचं शहाणपण सगळ्यांसमोर उघडं पडेल. मी रॉकेलची चिंधी घेतली आणि फ्लायव्हील घासायला लागले. इतक्या जोरात घासलं की भाभी म्हणाली, "हाताला लागेल, जैबू." मी आणखी जोरानं घासलं. थर निघाला. पट्टी धरली, उजेड होताच. उलट जास्त; थर साचला होता तो मधल्या खळग्यातच. मी रडकुंडीला आले होते. पण हेव्यानं बघणाऱ्या माणसाची नजर फार बारीक होते, आणि तो सहजासहजी उठतही नाही. पुसलेल्या लोखंडावर एका बोल्टाच्या भोकापाशी मला काहीतरी वाटलं. दिसलं नाही, नुसतं वाटलं. नखाला अडलं.

गाडीच्या आसाला तडा आहे का हे अब्बा कसं बघायचे ते मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं. मी आत पळत गेले, कोनाड्यातला खडू उचलला, आले. लोखंड कोरडं पुसून काढलं, त्यावर खडू घासून पांढरं पीठ पसरलं आणि बसून राहिले. अब्बांना कळलं होतं मी काय करते आहे, आणि त्यांनी भाईजानला हातानं गप्प केलं. चिमण्या चिंचेत कलकलत होत्या. हळूहळू पांढऱ्यावर रॉकेल झिरपून वर आलं. बोल्टाच्या भोकापासून एक काळी रेघ निघाली आणि काठाकडं गेली. मग दुसऱ्या भोकापासून दुसरी. मग दोघींच्या मधे पायाच्या टाचेला पडतात तशा बारीक भेगांचं जाळं.

एवढ्या मोठ्या काळ्या रेघा अब्बांना चष्म्याशिवाय दिसल्या. ते खाली बसले. "ह्ये घासून भागणार न्हाई," ते म्हणाले. "घासलं तर आनखी पातळ व्हईल. ह्ये फुटणार. चढावर, भरल्या ट्रकात, पायाखाली फुटणार." ट्रकमध्ये फ्लायव्हील बसतं ते ड्रायव्हरच्या पायांजवळच. भाईजाननं आपल्या पायांकडं पाहिलेलं मला आठवतं. तो चिंचेला टेकून उभा राहिला.

म्हणजे भाभी चुकली होती. लेथवर घासून आणा म्हणत होती ती. मी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मला तिचा पडलेला चेहरा हवा होता, इतके दिवस हवा होता. आणि ती काय करत होती, तर डोळ्यांत पाणी आणून हसत होती. "मी तर घासायलाच लावलं असतं! ह्यांना घेऊन बसले असते मी. हे खडूचं आमच्या खडकीत कुणालाच नाही माहीत. अब्बा, जैबूनं वाचवलं सगळ्यांना." आणि तिनं माझे रॉकेलचे काळे हात तसेच स्वतःच्या हातांत घेतले. हरलेलं माणूस असं वागतं का? मला त्या विजयाची चवच घेता आली नाही.

भाईजान त्याच दुपारी फ्लायव्हील पोत्यात बांधून एसटीनं पुण्याला गेला. जुन्या बाजारात हिंडून हिंडून त्यानं लष्करी ट्रकाचंच दुसरं सपाट फ्लायव्हील मिळवलं, त्याच्यावर पट्टी धरून पाहिली, खडू लावून पाहिला, दुकानदार हसला तरी पाहिला, आणि मगच आणलं. त्याच्या आत काहीतरी निवळलं होतं. मला वाटतं, त्या दोघांचा संसार खरा त्या चिंचेखालून सुरू झाला. अम्मानं एकदाच विचारलं, "आता जैबूनं आत यायचं का न्हाई?" अब्बा म्हणाले, "सून चालती आन लेक चालत न्हाई व्हय?" हे मला मिळालं ते भाभीमुळं, हे कळत होतं, आणि म्हणून ते मिळूनही आत खुपत होतं. आम्ही तिघांनी मिळून सगळं बसवलं. प्लेट मधोमध बसवायला लाकडाचा दांडा भाभीनं तासला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून मी आवळले. अब्बा दोघींना सारखंच काम सांगायचे. मी मोजत नव्हते असं म्हणणार नाही.

लग्नाच्या दिवशी कोंडाजीनं घरच्या सगळ्यांना यायला सांगितलं होतं. अम्मा आली नाही. अब्बा चालवायला, शेजारी भाभी आणि मी, मागं भाईजान. वाडीखालच्या माळावरून वऱ्हाड भरलं. बाया, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, पितळी घागरी, हळदीनं पिवळी झालेली नवरी आणि तिच्या मांडीवर सारखं ढकललं जाणारं एक गाठोडं. घोडेगाव मागं टाकून जुन्नरकडं येताना एक लांब चढ लागतो. निम्म्यावर आलो आणि समोर बैलगाडी आडवी. अब्बांना थांबावं लागलं. चढावर, भरल्या ट्रकानं. गाणी म्हणणाऱ्या बाया गप्प झाल्या. भाईजान उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायला धावला. बैलगाडी बाजूला झाली. अब्बांनी गिअर टाकला आणि पाय उचलायला लागले. मी आणि भाभी दोघी एकाच जागी बघत होतो, त्यांच्या पायाकडं. पेडल वर आलं, आणखी वर आलं, पार वर आलं, आणि मग हत्तीनं अंग उचललं. जळका वास नाही, वाढीव आवाज नाही. एका दमात वर.

माथ्यावर पाणी घालायला अब्बा थांबले. इंजिन बंद झालं आणि वारा ऐकू यायला लागला. अब्बांनी मान वळवून भाभीला विचारलं, "काय दुल्हन, कसा वाटला क्लच?"

भाभीला माहीत होतं. तिचं तोंड उघडलंसुद्धा होतं. मग तिनं ते मिटलं, मला कोपर मारलं आणि म्हणाली, "जैबूला विचारा, अब्बा."

आता मी ऐंशीच्या पुढं आहे. नातवाच्या गाडीला क्लचच नाही, दोनच पेडलं. हेवा करायला फारसं काही उरलं नाही. पण तिनं तो प्रश्न ज्या सहजतेनं माझ्याकडं सरकवला, तसं मला आयुष्यात कुणासाठी करता आलं का, हे मी अजून स्वतःला विचारते. त्या माथ्यावर मला तिच्या केसांचा नाही, तिच्या हाताचा नाही, तर तिच्या देता येण्याचा हेवा वाटला, आणि तो सगळ्यांत वाईट होता.

"पार वर आल्यावर धरतोय," मी म्हणाले. "पेडलला ढील नाही. असंच ठेवलं तर नवी प्लेटपण सरकंल. खालचा नट थोडा फिरवायला पाहिजे."

अब्बांनी सीटखालून पाना काढला आणि आमच्या दोघींच्या मधे धरला. भाभीनं हात पुढं केला नाही. मी पाना घेतला, दुपट्टा काढून तिच्या मांडीवर टाकला आणि रस्त्यावर पाठ टेकून ट्रकखाली गेले. अब्बा खाली उतरले, ती सरकून त्यांच्या जागी बसली आणि तिनं पेडलवर पाय ठेवला. मागच्या फळीवरून वऱ्हाडातली एक म्हातारी खाली वाकून बघत होती. मला तिच्या नथीचा आकडा उलटा दिसत होता.

"मिस्त्री, ह्या पोरी कुनाच्या वो?"

"दोन्ही माझ्याच," अब्बा म्हणाले.

दोन्ही कशाला म्हणायचं, असं मला ट्रकखाली नट धरलेला असतानाही वाटलं. तोंडावर ऑइलचा थेंब पडला, तो मी बाहीनं पुसला. मग ओरडून सांगितलं, "भाभी, दाबा!" आणि वर तिचा पाय हलला.